आकाशाबरोबर फिरणारा कॅमेरा



तिपाईवर कॅमेरा ठेवून रात्रीच्या आकाशाचे चित्र घेतले, तर तारे ठिपक्यांसारखे न येता रेघोट्यांसारखे येतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेते. म्हणजे दर चार मिनिटांना आकाश एक अंश सरकते. आकाशगंगेचा मंद प्रकाश नीट टिपायला बराच वेळ लागतो, आणि साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगातही ही सरक दहा सेकंदांतच दिसू लागते. तेव्हा उपाय एकच : कॅमेराही आकाशाबरोबर फिरवायचा.

असे फिरवणारे छोटे यंत्र आता मिळते. आकार जेवणाच्या डब्याएवढा, आत मोटार, मळसूत्र आणि दात्यांचे चाक, चालते बॅटरीवर. पण बटण दाबले की झाले, असे मात्र नाही. यंत्राचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर हवा, म्हणजेच तो उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेला हवा. ध्रुवतारा या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. म्हणून यंत्रातल्या लहान दुर्बिणीत एक वर्तुळ कोरलेले असते. त्यावर ध्रुवतारा त्या घटकेला कुठे हवा, ते मोबाइलवर पाहता येते.

आता आपली अडचण पाहा. ध्रुवाची उंची म्हणजे गावाचा अक्षांश. पुण्यात ती साडेअठरा अंश, नागपुरास एकवीस. हात ताणून धरलेली मूठ दहा अंशांची धरली, तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी! तेव्हा जागा अशी निवडा की उत्तरेला झाड, घर किंवा डोंगर आड येणार नाही. ध्रुव इतका खाली असल्यामुळे यंत्र जवळजवळ आडवे होते आणि कॅमेऱ्याचा भार उत्तरेकडे झुकतो. म्हणून तिपाईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवा, आणि मध्यभागी दगडांची पिशवी टांगा. वाऱ्याने तिपाई हलणार नाही. तोल सांभाळणाऱ्या वजनाची दांडी पायांवर आपटत असेल, तर यंत्राखाली वीतभर नळीचा तुकडा बसवून ते उंच करावे. गावातला लोहार किंवा लेथवाला हे काम सहज करील.

दुसरी गोष्ट तोलाची. तो अगदी बरोबर साधू नका; पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा. भरलेली मोट वर येताना नाडा कसा ताणलेला राहतो! तसेच इथे आहे. मोटार सतत भार उचलत राहिली, की दात्यांमधली ढिलाई उरत नाही आणि चित्र हिसका खात नाही.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशासाठी? ज्या अक्षांशाने ध्रुव खाली नेला, त्यानेच आपल्याला एक मोठे देणे दिले आहे. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. लंडनमध्ये ते क्षितिजावर फार तर नऊ-दहा अंश चढते. पुण्याच्या अक्षांशावर चाळीस अंशांहून वर येते. एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहा. शहरातल्या माणसाला दिव्यांच्या उजेडात ते दिसत नाही. अंधाऱ्या गावाला दिसते.

पण हा अंधार टिकेलच असे नाही. गावोगाव पांढरे दिवे लागत आहेत. दिवे हवेतच, बरं का. पण त्यांचा उजेड खाली रस्त्यावर पडावा, आभाळात जाऊ नये. शिक्षकांना माझी एवढीच सूचना : शाळेने दरवर्षी, एकाच जागेवरून, अमावास्येच्या आसपास, त्याच भिंगाने आणि तेवढाच वेळ आकाशगंगेचे एक चित्र घ्यावे. चित्रामागे तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवावे. दहा वर्षांनी ती चित्रे शेजारी शेजारी मांडली, म्हणजे गावाचे आकाश किती उरले, हे मुले स्वतःच सांगतील. आणि ग्रामपंचायतीपुढे तो पुरावा ठेवता येईल.