सशाचे पोट आणि सड्यावरचे गवत

पाळीव सशाच्या वाढलेल्या वजनाविषयी काही सांगावे अशी आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राची सूचना आली, तेव्हा गाईम्हशींची दुखणी पाहण्यात हयात घालवलेल्या मजसारख्या पशुवैद्यास प्रथम थोडे नवल वाटले. परंतु शहरातल्या सदनिकांतून काय किंवा खेड्यातल्या पडव्यांतून काय, पांढऱ्या सशांची जोडी बाळगण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे ती पाहता, ही सूचना अगदीच अनाठायी नाही हेही लगेच ध्यानात आले.

ससा लठ्ठ झाला आहे हे घरच्या माणसांना बहुधा ठाऊकच नसते. त्याची लव फसवी असते, आणि ‘कसा गुटगुटीत आहे’ हे कौतुकाचे शब्द पाहुण्यांच्या तोंडून वरचेवर ऐकल्यामुळे त्या गुटगुटीतपणात काही वावगे असेल अशी शंका मनास शिवत नाही. म्हणून डोळ्यांवर भिस्त न ठेवता हाताने पाहावे. ससा जमिनीवर स्वस्थ बसलेला असताना त्याच्या दोन्ही कुशींवरून बोटे अलगद फिरवावीत. बरगड्या सहज मोजता येतील इतक्या लागल्या तर ठीक, दाबून शोधाव्या लागल्या तर वजन वाढले आहे असे समजावे. मादीच्या गळ्याखाली कातडीची एक वळी असते, ती मात्र पुष्कळदा स्वाभाविक असते. तेवढ्यावरून तिला लठ्ठ ठरवू नये.

आता हे मेद येते कोठून? दवाखान्यात मंडळी येतात आणि म्हणतात, “डॉक्टर, हा फारसे काही खातच नाही हो!” मग जरा सविस्तर जबानी घ्यावी, तर निष्पन्न असे होते की सकाळी चहाबरोबर बिस्किट मुलांनी दिलेले असते, दुपारी पोळीचा तुकडा वहिनींनी, संध्याकाळी अर्धे केळे आजोबांनी, आणि रात्री बाजारातल्या तयार गोळीखाद्याची वाटी पुन्हा शिगोशीग भरलेली असतेच. प्रत्येकाने थोडेच दिलेले असते. जमाखर्च मांडणारा मात्र घरात कोणी नसतो. मे महिन्यात तर हापूसची साल आणि फणसाचा गरा यांचीही त्यात भर पडते. श्रोतेहो, राग मानू नका, पण हे लाड सशासाठी नसतात. तो दोन पायांवर उभा राहून आपल्या हातातून खातो, ते पाहण्याचे सुख आपल्याला हवे असते.

सशाला हवे असते गवत. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्याच्या पोटात लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी एक भली मोठी पिशवी असते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्याचे आंबवण करीत असतात. ज्यांच्या परसात गोबर गॅसची टाकी आहे त्यांना हे चटकन उमजेल. टाकीत रोजचे शेण नेमाने पडत राहिले तर ती बिनबोभाट चालते, आणि भलतेच काही ओतले की बिघडते. या पिशवीचे आणि एकंदर आतड्यांचे चलनवलन चालू राहते ते गवतातल्या चिवट तंतूंच्या जोरावर. शिवाय सशाचे दात, पुढचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. त्यांची झीज होते ती गवत तासन्‌तास चघळल्याने. बिस्किट दोन क्षणांत पोटात जाते, त्याने ना दात झिजतात ना आतडी हलतात.

हा पाळीव ससा मूळचा आपल्याकडचा नव्हे. त्याचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगालच्या प्रदेशातले, रुक्ष माळावरचे निकृष्ट गवत खाऊन बिळांत राहणारे. आपल्या सड्यावर संध्याकाळी उड्या मारीत जाणारा रानससा ही निराळी जात. त्याची पिल्ले उघड्यावर, अंगावर लव आणि डोळे उघडे असतानाच जन्मतात. पाळीव सशाची बिळात, उघडी आणि आंधळी. या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, सबब त्याची पिल्ले उचलून घरी आणण्याचा मोह कोणी धरू नये. पण जातीने निराळे असले तरी दोघांचे अन्न एकच आहे, आणि ते आपल्या दारात उगवते.

येथे मला थोडे रेंगाळू द्या. पावसाळ्यात आपले जांभ्याचे सडे हिरवेगार होतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते गवत पिवळे पडू लागते. फुलोऱ्यावर आलेले पण अद्याप पुरते न वाळलेले गवत त्या वेळी कापून, सावलीत सुकवून, भारे बांधून कोरड्या माळ्यावर रचले, तर सशासाठी त्याहून उत्तम खुराक नाही. ते हाताला खरखरीत लागावे, रंगाने फिकट हिरवे असावे आणि त्याला गोडसर सुवास यावा. कुबट वास किंवा पांढरी बुरशी दिसली तर तो भारा सरळ बाहेर काढावा. असे गवत डोंगरोडोंगरी असताना आपण करतो काय, तर माघ-फाल्गुनात त्याला काडी लावतो! वणव्याने सडाही जळतो, शेजाऱ्याची कलमेही होरपळतात, आणि मग शहरातली मंडळी परदेशी गवताची चिमुकली पाकिटे भरमसाट दाम मोजून टपालाने मागवतात. या विसंगतीवर मी अनेक सभांतून बोललो आहे आणि पुढेही बोलेन.

मात्र एक ताकीद. आंब्याच्या बागेतले गवत घ्यायचे असेल तर फवारणीचा हिशेब आधी विचारावा. मोहोर येऊ लागल्यापासून कलमांवर कीटकनाशके मारली जातात आणि त्यांचे तुषार खालच्या गवतावर उतरतात. भाताचा पेंढा बिछान्याला चांगला, पण त्यात कस नाही. त्याने गवताची जागा भरून निघत नाही. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, पूर्ण वाढलेल्या लठ्ठ सशाला नको. ओल्या पाल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, दूर्वा द्याव्यात. पालक आणि माठ क्वचित.

गाजराचे वेड कोठून आले, हेही सांगून टाकतो. १९४० साली अमेरिकन पडद्यावर बग्ज बनी नावाचा व्यंगचित्रातला ससा गाजर चावीत अवतरला, आणि तेव्हापासून साऱ्या जगाची समजूत झाली की ससा म्हणजे गाजर. वस्तुतः गाजरात साखर पुष्कळ. पातळ चकती अधूनमधून चालेल, त्यापेक्षा अधिक नाही.

वजन उतरवायचे म्हणून सशाला उपाशी मात्र ठेवू नका. एकादशी आपल्याला पुण्यप्रद असेल, सशाला ती प्राणघातक आहे. लठ्ठ सशाचे खाणे एकाएकी तुटले तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि तो हातचा जातो. गवत अष्टौप्रहर, हवे तितके. कात्री लावायची ती इतर गोष्टींना. पोळी, बिस्किट, फळ आजपासून बंद. गोळीखाद्य मापून द्यावे: निरोगी सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम पुरे, आणि लठ्ठ सशाचे तेही काही आठवड्यांच्या मुदतीत थोडे थोडे घटवीत न्यावे. दर आठवड्याला एकाच वारी, टोपलीसकट काट्यावर ठेवून वजन करावे आणि रोजनिशीत टिपून ठेवावे. अडीच किलोचा ससा आठवड्याला २५ ते ५० ग्रॅम उतरला तर ती चाल योग्य. त्याहून घाई नको.

आणखी एक किळसवाणी वाटणारी, परंतु अत्यावश्यक गोष्ट. ससा आपल्याच मऊ लेंड्या, बहुधा रात्रीच्या वेळी, गुदद्वारातूनच थेट खातो. हा त्याचा निसर्गनियम आहे. त्या पिशवीत तयार झालेली जीवनसत्त्वे त्याला अशाच रीतीने मिळतात, म्हणून त्याला त्यासाठी मारू नका. लठ्ठ सशाचे तोंड तेथवर पोचत नाही, लेंड्या शेपटीखाली चिकटून राहतात, आणि पावसाळ्यात त्यावर माश्या बसून एक-दोन दिवसांत जिवंत मांसात अळ्या पडतात. जून ते सप्टेंबर दररोज, होय, दररोज, शेपटी उचलून पाहावे.

व्यायामाविषयी सांगायचे होते पुष्कळ, पण काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. खुराड्यात कोंडलेला ससा कितीही पथ्य केले तरी सडपातळ होत नाही. त्याची धावपळीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. तेव्हा त्याला काही तास मोकळे सोडावे. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय घसरतात आणि तो एका जागी बसून राहतो, म्हणून जाजम अंथरावे. शेणाने सारवलेली पडवी असेल तर फारच उत्तम. पाला एका ताटलीत न वाढता चार कोपऱ्यांत लपवावा, खोक्याला दोन्हीकडून भोके पाडून त्यात गवत भरावे, म्हणजे शोधण्याच्या निमित्ताने तो हिंडेल. विजेच्या तारा तेवढ्या उचलून ठेवाव्यात, आणि अंगणात सोडल्यास मुंगूस व कुत्री यांचा बंदोबस्त असावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अजिबात पळवू नये. सशाला घाम येत नाही, उष्मा तो कानांवाटे टाकतो, आणि अंगात चरबी असली की आपल्या दमट हवेत तो तडकाफडकी कोसळतो.

आणि ससा अर्धा दिवस काही न खाता बसला, लेंड्याही पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. सशाला उलटी होत नाही, आत अडकलेले आपोआप मोकळे होत नाही. नेताना टोपलीत ओंजळभर गवत ठेवावे, आणि गेल्या आठवड्यात कोणी कोणी काय खाऊ घातले ते घरात सर्वांना विचारून, आजोबांनाही विचारून, कागदावर लिहून आणावे.