घोसाळ्याचें पाणी

घोसाळ्याची भजीं महाराष्ट्रांत घरोघरीं होतात. त्याच वेलाचें पाणी जपानी स्त्रिया एदो काळापासून तोंडास लावीत आल्या आहेत. फळांचा हंगाम सरत आला, म्हणजे शरद ऋतूंत, वेल जमिनीपासून दोनतीन वितींवर कापावयाचा आणि मुळाकडील बुंध्याचें टोंक वांकवून बाटलीच्या तोंडांत अडकवावयाचें. मूळ पाणी ओढीतच असतें. तें थेंबथेंब बाटलींत उतरतें. पुढें १८९७ सालीं टोकियोंतील शिसेइदो या औषधालयानें ‘युडरमाइन’ नांवाचें तांबडें प्रसाधन-जल काढलें. आज दुकानांत मिळणारे पातळ ‘एसेन्स’ त्याच कुळांतले.

यांत बहुतेक भाग पाण्याचाच. पण नुसतें पाणी त्वचेवर टिकत नाहीं. वारंवार तोंड धुणाऱ्याची त्वचा उलट कोरडी पडते. खरा गुण आहे तो ग्लिसरिनासारख्या, ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा. म्हणून एसेन्स ओलसर चेहऱ्यावर लावावें, आणि हवा कोरडी असेल तर वर थोडें तेल किंवा मलम चोळावें. नाहींतर ओल उडून जाते. मुंबईच्या दमट हवेंत, तेलकट त्वचेस, तें एकटेंच पुरे होतें. त्यानें रंग उजळतो हें मात्र कोणीं मनांत आणूं नये. त्या आशेपायीं पुष्कळ पैसा वायां जातो. (बाटलीच्या नक्षीचेंही मोल त्यांत असतेंच!) सुगंधी द्रव्यानें कित्येकांस खाज सुटते, तेव्हां प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें. आणि घरीं काढलेलें वेलाचें पाणी उकळून, गाळून, थंड जागीं ठेवावें व थोड्याच दिवसांत संपवावें. त्यांत जंतु फार लौकर वाढतात.