अपक्षाच्या अर्जावर सही

अमेरिकेत गव्हर्नरपदासाठीही अपक्ष उभा राहतो. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. आपण निवडायचे ते आमदार-खासदार. पण २०२४ साली सुरतेत लोकसभेचे मतदानच झाले नाही. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, उरलेल्या आठांनी माघार घेतली, त्यांत अपक्षही होते. २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले.

मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला मतदारसंघातले दहा मतदार लागतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले आम्ही मात्र ‘कशाला भानगड’ म्हणून सही टाळतो. पुढच्या वेळी कुणी भला अपक्ष दारी आला, तर माघार घेणार नाहीस ना, एवढे विचारू, सही करू आणि छाननीला सोबत जाऊ. पंचवीस हजारांची अनामत मात्र त्याची त्याने भरावी!