फोटोतला कॅमेरा : आधी हात बघा

गड्ड्याच्या यात्रेत काढलेले जुने फोटो सोलापुरात बऱ्याच घरांत सापडतात. एखाद्यात काका कॅमेरा घेऊन उभे असतात आणि पोरंबाळं विचारतात, ‘कुठल्या कंपनीचा?’ फोटोत ते नाव ठिपक्याएवढं. भिंग लावूनही अक्षर लागत नाही. चादरीचा जाणकार तरी लेबल कुठे बघतो? तो पोत चाचपतो, काठ बघतो, वीण बघतो. कॅमेऱ्याची पहिली खूण धरणाऱ्याच्या हातात असते.

मान खाली, कॅमेरा पोटाशी आणि एकाखाली एक दोन भिंगं, म्हणजे ट्विन-लेन्स. जर्मन रोलायफ्लेक्स आला १९२९ मध्ये, जपानी यशिका-मॅट १९५७ मध्ये. धरणाऱ्याच्या उजव्या हाताला फिल्म सरकवायची दांडी असते. रोलायफ्लेक्सला ती १९३२ पासून. पण यशिका-मॅटलाही दांडीच! तेव्हा दांडी दिसली की ‘रोलाय’ म्हणून मोकळं व्हायची सवय सोडा.

कॅमेरा डोळ्याला, अंग काळं आणि गोलसर, तर बहुधा आग्फा क्लिक-थ्री. तो आपल्याकडे बडोद्यात बनायचा आणि १२० फिल्मवर बारा चौकोनी फोटो द्यायचा. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या प्रसिद्ध फोटोतला स्पीड ग्राफिक निराळाच: पेटीएवढा, शेजारी फ्लॅशची वाटी. पुन्हा सांगायचं तर नाव मागाहून, हात आधी.

आणखी एक. सोलापुरी चादर उलटी अंथरली तरी नक्षी तीच, रंग तेवढे बदलतात. फोटोचं तसं नाही. निगेटिव्ह उलटी छापली की दांडी भलत्याच बाजूला जाते. मग शेजारच्या बाईंचा पदर बघावा, पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा बघावा. खिसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला दिसला तर फोटोच उलटा. पदराचा पुरावा मात्र गुजराती-मारवाडी घरांत धरू नये. तिथे तो उजव्या खांद्यावर असू शकतो.

आणि साल? यशिका-मॅट ओळखला, तर फोटो १९५७ च्या आधीचा नाही, एवढंच ठरतं. कॅमेरे घरात वीस-वीस वर्षं चालत. चामड्याच्या केसबद्दल, भिंगाभोवतीच्या आकड्यांबद्दलही सांगायचं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय.

जाता जाता एवढंच ऐका. जुना फोटो मोबाइलवर घेताना चेहऱ्याभोवती कापू नका. हात राहू द्या, आणि मागची बाजूही टिपा. तिथे स्टुडिओचा शिक्का असू शकतो.