गेममधले कपडे कुणासाठी? ट्रान्समॉग, ग्लॅमर आणि त्या जगात रमणं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इअरफोन नीट लावून घ्या, आजचा विषय नटण्यामुरडण्याचा आहे. गेममधले कपडे.

यावर घरातून ठरलेलं वाक्य येतं: "जो शर्ट हातात धरता येत नाही, त्याच्यापायी एवढा जीव कशाला टाकायचा?" बीजीएमआयमध्ये ज्यानं कधी एखादा सूट घेतलाय, त्यानं हे ऐकलंच असेल. पण आज आपण बॅटल रॉयालकडे जाणार नाही. तिथली मॅच अर्ध्या तासात संपते. मला बोलायचंय त्या गेम्सबद्दल, जिथे माणसं एकच पात्र घेऊन दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं राहतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी फोर्टीन, लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन, रूनस्केप. यांना एमएमओआरपीजी म्हणतात. हजारो लोक एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात फिरतायत, बाजारात भेटतायत, भांडतायत, गाणी वाजवतायत.

अशा जगात तुम्ही तोंड उघडायच्या आधी समोरचा तुमचे कपडे वाचतो. आणि तुम्ही स्वतः? तुम्ही तासन् तास बघत असता ती तुमच्या पात्राची पाठ! चेहरा दिसतो क्वचित. म्हणजे जे काही 'मी' म्हणून स्क्रीनवर दिसतं, ते बहुतेक वेळ कपडेच असतात.

ही हौस आजची नाही, बरं का. 1997 मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, तेव्हाच त्यात रंगाची टब मिळायची. डाय टब. कपडा तिच्यात रंगवायचा आणि गावभर मिरवायचं. गेम बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं की लोक एकत्र आले की नटणार.

आता वॉरक्राफ्टकडे येऊ, कारण खरी मजा तिथे झाली. हा गेम आला 2004 च्या नोव्हेंबरमध्ये. त्यात चिलखताला दोन कामं असायची. एक, ताकद वाढवणं. दुसरं, दिसणं. आणि ही दोन्ही एकमेकांना बांधलेली. पॅलाडिनचा 'जजमेंट' नावाचा लाल-सोनेरी सेट मिळवायचा, तर चाळीस माणसं जमवून ब्लॅकविंग लेअरमधल्या ड्रॅगनांशी आठवडेच्या आठवडे लढायचं. मग तो सेट अंगावर घालून शहरात पोस्टपेटीपाशी नुसतं उभं राहायचं. नवखी पोरं येऊन टकामका बघत राहायची. काही सांगायची गरजच नाही. कपडाच बायोडेटा!

2007 च्या जानेवारीत बर्निंग क्रुसेड हा पहिला मोठा विस्तार आला आणि सगळा बायोडेटा पाण्यात गेला. नव्या प्रदेशात शिरल्यावर साध्यासुध्या कामगिरीच्या बदल्यात मिळणारं चिलखत जुन्या मेहनतीच्या चिलखतापेक्षा ताकदवान निघायला लागलं. ते न घालून सांगता कुणाला? पण एक खांदा जांभळा, छाती हिरवी, पायात भलतंच काहीतरी. लोकांनी त्याला नाव पाडलं 'क्लाउन सूट'. विदूषकाचा पोशाख. जगावर राक्षसांचं संकट आलंय, आणि त्याच्याशी लढायला निघालेला वीर दिसतोय जत्रेतल्या सोंगासारखा.

मला वाटतं, कपड्यांचा आणि त्या जगात रमण्याचा संबंध काय, हे लोकांना तिथेच कळलं. याला इंग्रजीत इमर्शन म्हणतात, आपण 'रमणं' म्हणू. ग्राफिक्स तेच होते, गोष्ट चांगली होती. तरी आरशात बघितल्यासारखं स्वतःकडे बघितलं की हसू यायचं.

उपाय यायला 2011 चा नोव्हेंबर उजाडला. 4.3 हा पॅच आला आणि त्यात ट्रान्समॉग्रिफिकेशन, म्हणजे ट्रान्समॉग. कल्पना सोपी: एका चिलखताची ताकद ठेवायची आणि त्यावर दुसऱ्याचं रूप चढवायचं. नियम होते. लोखंडी चिलखतावर लोखंडीच रूप चढणार, कापडी झग्यावर कापडी. म्हणजे जादूगार जादूगारासारखाच दिसणार, योद्धा योद्ध्यासारखाच. हे बंधन मला फार शहाणपणाचं वाटतं. मोकळीक दिली, पण त्या जगाची भाषा मोडू दिली नाही.

आणि मग एक गंमत झाली. ओस पडलेल्या जागा पुन्हा गजबजल्या! जुन्या गुहा, जुने किल्ले, जिथे ताकदीसाठी जायचं काही कारणच उरलं नव्हतं, तिथे लोक दर आठवड्याला जायला लागले. कशासाठी? एका खांद्यासाठी, एका टोपीसाठी. ज्या राक्षसाला मारायला चाळीस जण लागायचे, त्याला एकटा गडी मारतोय आणि म्हणतोय, "आज तरी मोजे टाक रे बाबा."

पण एक तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. कपडा खोटं बोलायला लागला. समोर चकचकीत चिलखतातला गडी दिसतोय, तो मुरलेला आहे की कालचा, कळत नाही. ही तक्रार मी उडवून लावणार नाही. पोस्टपेटीपाशी उभं राहून गप्प मिरवण्यात जो दरारा होता, तो गेलाच.

ज्यांना तो दरारा हवाय त्यांच्यासाठी एक गेम तुमच्या फोनवरच आहे. ओल्ड स्कूल रूनस्केप. मोबाईलवर 2018 मध्ये आला, आणि त्याचा बराच भाग फुकट खेळता येतो. तिथे एकावर दुसऱ्याचं रूप चढवायची सोय नाही. जे घातलंय तेच दिसतं. एखाद्या कौशल्यात 99 वी पातळी गाठली की त्या कौशल्याची खास केप विकत घेता येते, किंमत 99,000 नाणी. स्वयंपाकाची केप घातलेला माणूस दिसला, तर त्यानं खरंच हजारो मासे भाजलेत, यात शंका नाही. आणि मूळ रूनस्केपमध्ये 2001 च्या नाताळात फटाक्यांसारख्या कागदी नळकांड्यांतून रंगीत टोप्या वाटल्या होत्या. पार्टी हॅट. ताकद शून्य. पुन्हा कधी वाटल्या नाहीत, म्हणून पुढे त्या गेममधल्या सगळ्यात महागड्या वस्तूंत जाऊन बसल्या. कागदी टोपी, मंडळी! सोन्याच्या मुकुटाला मागे टाकून.

म्हणजे कपडा दोन तऱ्हेनं बोलतो. 'मी काय केलं' हे सांगतो, नाहीतर 'मी कोण आहे' हे सांगतो. रूनस्केप पहिल्या बाजूचा. दुसऱ्या बाजूचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन.

हा गेम 2007 चा. आज बघितलात तर ग्राफिक्स जुनाट वाटेल. पण यात ताकदीच्या चिलखतावरून निव्वळ दिसण्याचे वेगवेगळे पोशाख चढवता येतात, आणि ते झटक्यात बदलता येतात. शिरस्त्राण नको असेल तर लपवता येतं. कपड्यांचे रंग खेळाडूच तयार करतात, 'स्कॉलर' हा व्यवसाय घेतलेले लोक. आता याचा उपयोग बघा. दिवसभर ऑर्कशी लढलेला माणूस संध्याकाळी ब्री गावातल्या प्रान्सिंग पोनी या खानावळीत येतो, तेव्हा चिलखत उतरवून साधा अंगरखा घालतो. कुणी शेतकऱ्याचा वेश करतं, कुणी वाटसरूचा. यानं ताकद एक कणभर वाढत नाही. पण कामावरून घरी येऊन कपडे बदलणं, यापेक्षा माणसासारखी गोष्ट दुसरी कुठली? माझ्या मते तिथे ते जग खरं वाटायला लागतं. ड्रॅगन कितीही भारी काढा, ड्रॅगन मारल्यावर पात्राला घरचे कपडे घालता आले नाहीत, तर ते पात्र नुसतं हत्यारच राहतं.

या गेममध्ये वाद्यंही खरंच वाजवता येतात. खेळाडूंचे वाद्यवृंद आहेत, सगळे एका रंगाच्या पोशाखात येतात. 2009 मध्ये लँड्रोव्हल सर्व्हरवर वेदरटॉपच्या टेकडीवर खेळाडूंनीच एक संगीत महोत्सव सुरू केला, वेदरस्टॉक. गणवेश शिवून घेणाऱ्या आपल्या ढोल-ताशा पथकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये याच सोयीला 'ग्लॅमर' म्हणतात, 2014 पासून. तिथले खेळाडू अर्ध्या थट्टेनं म्हणतात की गेमचा खरा शेवटचा टप्पा म्हणजे ग्लॅमरच. तिथे कथेच्या दृश्यांतही तुमचं पात्र तुम्ही घातलेल्या कपड्यांतच दिसतं. कुणीतरी जिवाभावाचं मरतंय, संगीत भरून आलंय, आणि तुम्ही उन्हाळी उत्सवातल्या पोहण्याच्या पोशाखात उभे! यात दोष कुणाचा म्हणाल तर तुमचाच. माझी एक सवय आहे, गंभीर प्रसंग येणार असं वाटलं की मी आधी कपडे बदलतो. मित्र हसतात. हसू देत.

स्वतःच्या कपड्यांचं ठीक आहे. दुसऱ्याच्या कपड्यांनी आपला रसभंग झाला तर? इथे दुकान येतं. 2010 च्या एप्रिलमध्ये वॉरक्राफ्टनं तारकांचा चमचमता घोडा 25 डॉलरला विकायला काढला. काही दिवसांत जिकडे बघावं तिकडे तोच घोडा. तो कुठल्या राक्षसाकडून जिंकलेला नव्हता, कुठल्या गोष्टीतून आलेला नव्हता. क्रेडिट कार्डातून आला होता. माझा विकण्याला विरोध नाही, सर्व्हर फुकट चालत नाहीत. पण ज्या वस्तूला त्या जगात जन्मकथाच नाही, ती कितीही सुंदर असो, आगंतुक वाटते. पुढे 2023 च्या फेब्रुवारीत याच गेमनं ट्रेडिंग पोस्ट आणलं. महिनाभर गेममधली कामं करा, त्यातून मिळणाऱ्या नाण्यांवर कपडे घ्या. मला हे जास्त पटतं.

आणखी एक गोष्ट पोरींनी मला सांगितली आणि ती खरी आहे. तेच चिलखत पुरुष पात्रावर गळ्यापर्यंत, आणि स्त्री पात्रावर घातलं की पोट उघडं. अशा गेम्समध्ये हे वर्षानुवर्षं चाललं. ट्रान्समॉग आणि ग्लॅमरमुळे निदान 'मला हे नको, अंगभर हवंय' म्हणायची सोय झाली. फायनल फँटसीत काही कपडे फक्त बायकांसाठी, काही फक्त पुरुषांसाठी असे अडकवलेले होते, तेही हळूहळू मोकळे होत गेले. ज्यांना स्वतःबद्दल काही प्रश्न आहेत आणि घरी विचारायची सोय नाही, त्यांच्यासाठी ही मोकळीक किती मोठी असेल, याचा विचार करा.

संशोधनाचंही एक सांगतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये 'प्रोटियस इफेक्ट' मांडला. आभासी जगात ज्यांना उंच शरीर दिलं, ते वाटाघाटीत जास्त ठामपणे बोलले. हा प्रयोग शरीराचा होता, कपड्यांचा नाही, म्हणून मी फार ताणत नाही. पण बाहेरचं रूप आतल्या माणसाला ढकलतं, एवढं त्यातून दिसतं.

आता जरा हळवं. नॉर्वेचा मॅट्स स्टीन. ड्युशेन हा स्नायूंचा आजार, व्हीलचेअरवर आयुष्य. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोरगा एकटा पडला, त्याला कुणी मित्र नव्हते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली आणि ईमेल यायला लागले. वॉरक्राफ्टमध्ये तो 'इबेलिन' होता. धडधाकट, पळणारा, स्टारलाइट नावाच्या गटातला सगळ्यांचा जवळचा माणूस. त्यातले काही जण अंत्यविधीला येऊन उभे राहिले. त्याच्यावरचा माहितीपट 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर आला, 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन'. त्याच वर्षी गेममध्ये एक छोटा कोल्हा आणि त्याला पाठीवर घेऊन फिरायची पिशवी विकायला आली, ड्युशेनवरच्या संशोधनाला मदत म्हणून. लढाईत तिचा उपयोग शून्य. पण आता वॉरक्राफ्टमध्ये कुणाच्या पाठीवर ती पिशवी दिसली, तर बघणाऱ्याला कळतं ती का घेतलीय.

मग नुसत्या दिसण्याचा उपयोग किती दूर जातो? 2025 च्या ऑगस्टमधलं एक प्रकरण त्यासाठी बघण्यासारखं आहे. फायनल फँटसीत काही लोक बाहेरचे मॉड टाकून आपल्या पात्राला वाट्टेल ते कपडे घालतात. ते फक्त त्यांच्याच स्क्रीनवर दिसतात. मेअर सिंक्रोनॉस नावाचं एक साधन असं होतं की ते वापरणाऱ्यांना एकमेकांचे हे कपडे दिसायचे. कंपनीच्या सांगण्यावरून ते बंद झालं. गेमचे निर्माते नाओकी योशिदा यांची भूमिका साधारण अशी, की स्वतःपुरतं केलेलं वेगळं, इतरांवर आणि गेमवर परिणाम करणारं वेगळं. कंपनीची बाजू समजते, ती दुकानात कपडे विकते. पण ते बंद झाल्यावर लोक हळहळले ते कशावरून, बघा. त्यांचे कपडे तर त्यांच्याकडेच होते. फक्त ते बघणारं कुणी उरलं नव्हतं.

तर तुमच्या पात्राच्या अंगावर आत्ता काय आहे? स्क्रीनशॉट काढून पाठवा, आणि तो कपडा कुठून आला, हे दोन ओळींत लिहा. विकत घेतलेला असला तरी चालेल, लाजू नका. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवतो. तोवर, चला, मला आज जुन्या किल्ल्यात जायचंय. अजून एक खांदा मिळायचा बाकी आहे.