वापरणाऱ्याचे गाऱ्हाणे

गावच्या लोहाराकडे विळा परत घेऊन आलेला शेतकरी आपण पाहिला असेल. "धार बरी आहे, पण हात दुखतो," एवढेच तो म्हणतो. कसबी लोहार त्यावर वाद घालीत नाही. विळा त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, "धर बघू, कसा धरतोस." मग ध्यानात येते की दोष पात्यात नाही, मुठीत आहे. शेतकऱ्याला ते सांगता आले नव्हते. दुखते, एवढेच त्याला ठाऊक होते.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाविषयी. शाळेत, ग्रामपंचायतीत संगणक आता नवलाईचा राहिलेला नाही. तो चालू केला की पडद्यावर जी मांडामांड दिसते, म्हणजे लहानलहान चित्रे, खालची पट्टी, कोपऱ्यातले बटण, तिला डेस्कटॉप म्हणतात. ही मांडणी कोणीतरी दूर बसून ठरविलेली असते. ती लोकांना अडचणीची वाटली, तर ठरविणाऱ्याने काय करावे? याचे एक मोठे उदाहरण मागे घडून गेले आहे.

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आणले. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' असे बटण होते. ते दाबले की कामांची यादी उघडे. मौज अशी की संगणक बंद करायचा तरी हे 'सुरू'चेच बटण दाबावे लागे! त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण हाताला सवय झाली आणि शिकविणाऱ्यांचा पहिला धडा तेथूनच सुरू होऊ लागला.

मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले, आणि ते बटण नाहीसे झाले! त्याच्या जागी पडदाभर रंगीत फरश्या. बोटाने चालविण्याच्या टॅब्लेटचे दिवस आले होते, त्यांना ही रचना सोयीची. टेबलावरच्या, माऊसने चालणाऱ्या संगणकालाही तीच दिली गेली. जुना डेस्कटॉप होता, पण एका फरशीमागे. आणि संगणक बंद करायचा कसा? तर बाण उजवीकडच्या कोपऱ्यात न्यायचा. तेथून एक पट्टी सरकत बाहेर येई. तिच्यात 'सेटिंग्ज', तिच्यात 'पॉवर', आणि मग बंद. अहो, ज्या कोपऱ्यात काहीच काढलेले नाही, तेथे बाण न्यावा हे कोणाला आणि कसे सुचावे?

करणारे काही अडाणी नव्हते. त्यांच्यापाशी मोजणी होती. विंडोज ७ मध्ये लोक नेहमीची कामे खालच्या पट्टीवरच लावून ठेवू लागले होते, त्यामुळे 'स्टार्ट'चा वापर कमी झाला होता. मोजणी खरी होती. पण घराच्या मागच्या दाराने आपण दिवसातून किती वेळा जातो? थोड्याच. म्हणून ते दार चिणून टाकले, तर धुण्याची बादली घेऊन बाईने कोठून जावे, हे मोजणीत दिसत नाही.

गाऱ्हाणी आली की करणाऱ्याच्या तोंडी एक ठरलेले उत्तर असते: "लोकांना बदल नको असतो. होईल सवय." यात थोडे तथ्य आहे, नाही असे नाही. पण नुसत्या सवयीचे गाऱ्हाणे दोन महिन्यांत विरून जाते. ज्याने जुने कधी पाहिलेच नाही असे पोरही जेथे अडते, तेथे दोष सवयीचा म्हणता येत नाही.

मे २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मान्य केले की हे शिकायला लोकांना जड जात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ आले, आणि बटण परत आले! पण ते दाबले की उघडत काय होते? त्याच फरश्या. लोकांनी बटण मागितले होते, बटण मिळाले. त्यांना हवी होती ती बटणामागची यादी, आणि हातातले काम डोळ्यांसमोरून न हलता ती उघडणे. मला वाटते, या साऱ्या हकिकतीत शिकण्यासारखी जागा हीच आहे. विळ्याची मूठ तीच ठेवून तिला नवा रंग द्यावा, तसे झाले. मात्र संगणक सुरू होताच थेट डेस्कटॉपवर जाण्याची सोय त्याच वेळी दिली होती, ती खरोखर उपयोगाची होती. एप्रिल २०१४ मध्ये बंद करण्याचे बटण फरश्यांच्या पडद्यावर उघड दिसेल असे ठेवले. आणि यादी स्वतः परत आली ती जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. त्याआधी, ऑक्टोबर २०१४ पासून, कच्ची प्रत लाखो हौशी लोकांच्या हाती देऊन त्यांचे म्हणणे मागविले होते. वापरणाऱ्याला आधी विचारायचे, एवढी सुधारणा झाली खरी.

पैसे घेऊन विकणारेच असे वागतात, असेही नाही. लिनक्सवर चालणारा 'नोम' नावाचा मोफत डेस्कटॉप आहे. एप्रिल २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. खिडकी लहान करण्याचे बटण काढून टाकलेले, आणि संगणक बंद करण्याचा पर्याय 'ऑल्ट' ही कळ दाबून धरल्यावाचून दिसत नसे! लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी चारचौघांत कडक टीका केली आणि काही काळ दुसरा डेस्कटॉप वापरला. येथे एक गोष्ट वेगळी होती. या कामाचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. म्हणून रागावलेल्यांपैकी काहींनी जुनीच आवृत्ती उचलली, 'माते' या नावाने पुढे चालविली. पुढे मार्च २०१३ मध्ये नोमनेही जुन्या वळणाची एक मांडणी सोबत दिली.

आता शिक्षक मंडळींना विनंती. संगणकाच्या खोलीत मुलगा अडला की आपण पटकन त्याच्या हातातून माऊस घेतो. घेऊ नका. त्याचा बाण आधी कोणीकडे गेला ते पाहा, त्याला काय सापडेलसे वाटले होते ते विचारा, आणि वहीत दोन ओळी टिपून ठेवा. "हे वाईट आहे," असे कळविले तर करणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. "मुलाला खिडकी बंद करायची होती, त्याने अमुक ठिकाणी दाबले, आणि झाले असे," हे कळविले तर लागते. आजकाल पुष्कळ प्रोग्रॅममध्येच अभिप्राय पाठविण्याची जागा असते, आणि तेथे मराठीतही लिहून पाहावे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा 'स्टार्ट'चे बटण कोपऱ्यातून उठून पट्टीच्या मध्यावर येऊन बसले. या वेळी ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून दिलेली होती. पण फाईल ओढून खालच्या पट्टीवर नेण्याची जुनी सोय मात्र कोणीतरी काढून टाकली होती. लोकांनी पुन्हा गाऱ्हाणे केले, आणि २०२२ मध्ये ती परत आली.