आतली कडी

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे पालक-कुटुंबात राहणारी सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. रात्री ती खोलीत जाते, आतून कडी लावते आणि हाकेला ओ देत नाही. बाहेर उभ्या असलेल्या, तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या काळजात धस्स होतं. उद्या ही कडीच काढून टाकू, मोबाईलही घेऊ, असं त्यांच्या मनात येतं.

मला वाटतं, इथे थांबावं. तिचं घर, शाळा, सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं. स्वतःच्या हातात उरली ती एवढी कडी! ती काढण्याआधी दिवसा, शांतपणे तिच्याशी बोला. ‘हाक मारली की नुसतं “हं” म्हण, मी परत जाईन,’ एवढं ठरलं तरी पुष्कळ.

जीव देण्याची भाषा आली, तर मात्र तिला एकटं सोडू नका. औषधं, धारदार वस्तू दूर ठेवा, डॉक्टरांना गाठा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. कुणाला सांगणार, ते आधी तिलाच सांगा.

2015 चा बाल न्याय कायदा सुरक्षिततेइतकाच मुलांचं म्हणणं ऐकण्यावर भर देतो. वय आणि समज पाहून ते विचारात घ्यावंच लागतं. म्हणून तिच्याबद्दलचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे तिला स्वतः बोलू द्या.

अडचणीत 1098 ही बालकांची हेल्पलाईन आणि मानसिक आधारासाठी 14416 हा टेलिमानस क्रमांक चोवीस तास मोफत आहेत. हे दोन्ही नंबर तिच्याही वहीत लिहून ठेवा.